आवडत्या नटाच्या भेटीची आठवण आणि तिच्या खुणा कशा जपाव्यात

नाटकाचा पडदा पडल्यावर रंगपटापाशी जाऊन आवडत्या नटाशी किंवा नटीशी चार शब्द बोलण्याची सोय मराठी प्रेक्षकाला आजही आहे. त्या भेटीतून हाती उरते ते थोडेच: एखादी स्वाक्षरी, एक फोटो, तिकिटाचे अर्धुक, क्वचित पुढे आलेले पत्र. या वस्तू जपण्याचा विचार करताना बहुतेक जण कागदापासून सुरुवात करतात, पण अनेक घरांत कागद टिकलेला असतो आणि त्यामागचा प्रसंग मात्र हरवलेला असतो. स्वाक्षरी कोणाची ते वाचता येते, पण ती कोणत्या नाटकानंतर, कोणत्या गावी घेतली, हे सांगणारे माणूस उरलेले नसते. म्हणून आधी नोंद करावी आणि मग वस्तूंकडे वळावे.

भेटीला जाताना

रंगपटात जाण्यापूर्वी नाट्यगृहातील किंवा नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकाला विचारावे. मध्यंतरात शक्यतो जाऊ नये, कारण त्या वेळात नटाला वेशभूषा बदलायची असते. स्वाक्षरीसाठी साधे बॉलपेन आणि कोऱ्या पानांची वही जवळ असावी. पुष्कळशा जेल पेनांची शाई पाण्याचा थेंब पडताच पसरते, आणि ऐन वेळी पुढे केलेल्या रुमालावरची किंवा पेपर नॅपकिनवरची सही फार काळ टिकत नाही. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. चेहऱ्यावरचा रंग अर्धा उतरलेला असताना नटाने नकार दिला, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

त्याच रात्री लिहून काढावे

हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच राहून जाते. भेटीचा प्रसंग आपण घरी, कार्यालयात, नातेवाइकांत पुन्हा पुन्हा सांगतो आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक रंगतो. काही वर्षांनी तर नट जे बोललाच नाही, ते वाक्यही आपल्या कानांत घुमू लागते. म्हणून कोणालाही सांगण्याआधी, निदान झोपण्यापूर्वी, एक पानभर मजकूर लिहावा.

त्यात नाटकाचे नाव, नटाची भूमिका, नाट्यगृह, गाव, तारीख आणि प्रयोगाची वेळ असावी. वेळ लिहायला सांगण्याचे कारण असे की, व्यावसायिक नाटकाचे एकाच दिवशी दोन प्रयोग होतात, तेही कधी वेगवेगळ्या नाट्यगृहांत. प्रशांत दामले यांच्या नाट्यप्रयोगांची संख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० झाली. अशा नटाला आपण नेमके कोणत्या प्रयोगानंतर भेटलो, हे तारीख आणि वेळ यांवाचून कधीच ठरवता येणार नाही. वर्तमानपत्रातील नाटकाच्या जाहिरातीत ही माहिती आयतीच मिळते, आणि विशेष प्रयोग असेल तर त्याचा क्रमांकही तिथे छापलेला असतो. ती जाहिरात कापून ठेवावी.

संवाद लिहिताना नटाचे शब्द जसेच्या तसे आठवत असतील तरच अवतरणचिन्हांत घालावेत. आशयच आठवत असेल, तर तसे लिहावे. आपल्याला काय वाटले ते वेगळ्या परिच्छेदात ठेवावे. ‘फार साधा माणूस’ या शेऱ्यातून पुढच्या वाचकाला काही कळत नाही; नटाने स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली असेल, तर तेवढेच लिहिणे पुरे. भेट फिकी झाली असेल, नट थकलेला किंवा तुटक वाटला असेल, तर तेही लिहून ठेवावे. सोबत कोणी असेल, तर त्यालाही वेगळे लिहायला सांगावे. दोन नोंदींत फरक निघाला, तर दोन्ही तशाच ठेवाव्यात.

कागद आणि छायाचित्रे

वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन या घटकामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा व ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग पाडतो. म्हणून कात्रण स्वाक्षरीला लागून ठेवू नये. यंत्रातून उष्णतेने छापून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरे तर काही वर्षांत पुसट होतात, त्यामुळे ते घरी आल्या आल्या स्कॅन करावे. साध्या कागदासाठी ३०० डीपीआय (स्कॅनची सूक्ष्मता, म्हणजे एका इंचात किती ठिपके) पुरेसे असते. तिकीट किंवा लहान फोटो ६०० डीपीआयवर घ्यावा. मोबाइलवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

लॅमिनेशन हा लोकांचा आवडता उपाय आहे आणि तो टाळलेलाच बरा, कारण त्यात कागद उष्णतेने प्लास्टिकला कायमचा चिकटतो आणि पुढे काही दुरुस्ती करायची म्हटली तरी तो सुटत नाही. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पानाला चिकट थर असलेले जुन्या धाटणीचे अल्बमही तितकेच घातक असतात. आम्लरहित कागदाचे लिफाफे किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत, पीव्हीसी या प्लास्टिकची घेऊ नयेत. मार्करने केलेली सही पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये. मूळ स्वाक्षरी भिंतीवर लावण्याऐवजी तिची प्रत लावावी.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहते आणि तेवढी ओल बुरशीला पुरते. खोका बाहेरच्या भिंतीला लागून किंवा माळ्यावर ठेवू नये. त्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि पावसाळा सरला की सगळे काढून, उन्हात न ठेवता, वारा द्यावा. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या खोक्यात घालू नयेत.

जुन्या फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहिता येते. नव्या फोटोंची पाठ प्लास्टिकच्या थराची असल्याने तिथे पेन्सिल उमटत नाही. त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवावी.

मोबाइलमधील फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर तो आकसतो आणि त्यात दडलेली तारीखवेळ निघून जाते. सोबत्याने काढलेला फोटो त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, फाइलच्या नावात तारीख, नाट्यगृह आणि नटाचे नाव घालावे, आणि एक प्रत दुसऱ्या घरी असलेल्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवावी.

घरात सापडलेल्या जुन्या खुणा

आजीआजोबांच्या पेटीत नोंदीशिवाय काही सापडले, तर त्या वस्तूवरूनच काळाचा अंदाज बांधता येतो. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली; तेव्हा बालगंधर्वांच्या एखाद्या कागदावर त्या मंडळीचे नाव छापलेले असेल, तर तो त्यापूर्वीचा नाही. पाकिटावर छापलेला किंवा लिहिलेला पिन कोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. टपालाचा शिक्का वाचता आला, तर प्रश्नच मिटतो. त्यासाठी पत्र फाडून टाकले तरी पाकीट टाकू नये, असे म्हणण्याइतके ते पाकीट मोलाचे असते. अंदाजाने काढलेली तारीख लिहिताना ‘अंदाजे’ हा शब्द आणि अंदाजाचे कारण दोन्ही लिहावेत.

इतरांना दाखवताना

नटाने पाठवलेले पत्र आपल्या मालकीचे असले, तरी त्यातील मजकुराचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि भारतीय कायद्यानुसार तो त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून संपूर्ण पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी नटाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी. स्वाक्षरीचा फोटो समाजमाध्यमांवर टाकताना पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक झाकावेत. खोक्याच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवावी, तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे नोंदीचे पान लिहावे, आणि हे सगळे पुढे कोणाकडे जावे तेही तिथेच लिहून त्या व्यक्तीला आताच सांगून ठेवावे.