शरीर आणि मन एकाच तालमीत: ठाणे–नवी मुंबईतील नोकरदारांसाठी व्यायामाची आखणी

शरीराचा व्यायाम सकाळी आणि मनाचा संध्याकाळी, अशी वाटणी बहुतेक जण कागदावर करतात. ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल गाठून फोर्टला जाणाऱ्या, अथवा ऐरोली–महापेच्या कंपन्यांत पाळ्या करणाऱ्या माणसाच्या दिवसात ही वाटणी फार काळ टिकत नाही. आधी ध्यान गळते, मग पाऊस लागला की चालणेही गळते. म्हणून येथे सुचवलेली पद्धत निराळी आहे. मनासाठी वेगळा तास काढू नये. जो व्यायाम करायचा तोच पूर्ण लक्ष देऊन करावा आणि लक्ष सुटले की तो संच, म्हणजे एका दमात सलग करायची आवर्तने, तेथेच थांबवावा, मग ठरवलेला आकडा पुरा झालेला असो वा नसो.

आधी प्रमाण ठरवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे आणि दोन दिवस बैठका, दंड यांसारखे व्यायाम करावेत. चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती मध्यम समजावी.

चालण्यासाठी जागा निवडताना गर्दीचा विचार करावा. संध्याकाळी तलावपाळीला जाणे म्हणजे खाण्याच्या गाड्यांमधून वाट काढणे होय. तेथे पहाटे जावे, नाहीतर पाचपाखाडीचा कचराळी तलाव किंवा उपवन गाठावे. नवी मुंबईकरांना नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि खारघरचे सेंट्रल पार्क सोयीचे आहे. येऊरचा चढ उत्तम खरा, परंतु तो परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा असून तेथे बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधारात तिकडे फिरकू नये.

पहिली दहा मिनिटे कानात काहीही न घालता चालावे आणि बाहेर जाणारे श्वास एक ते दहा मोजावेत. चौथ्या-पाचव्या श्वासालाच घराचा हप्ता किंवा साहेबांचा निरोप आठवेल आणि आकडा हरवेल. तेव्हा न चिडता पुन्हा एकपासून सुरुवात करावी. आकडा हरवल्याचे ध्यानात येणे आणि मन परत आणणे हाच या सरावातला खरा व्यायाम आहे, त्यामुळे पन्नास वेळा हरवला तरी वेळ वाया गेला असे मुळीच नाही. उरलेल्या वीस मिनिटांत गाणी ऐकायची तर खुशाल ऐकावीत.

ताकदीच्या दिवशी तीन हालचाली पुरतात: बसून उठणे, ढकलणे आणि ओढणे. बैठकीसाठी पायांत खांद्यांएवढे अंतर ठेवून चवडे किंचित बाहेर वळवावेत, मनात तीन आकडे मोजत खाली जावे, क्षणभर थांबावे आणि टाचा न उचलता उठावे. सवय नसेल तर मागे खुर्ची ठेवून तिच्या कडेला टेकून उठावे. गुडघे आत झुकू लागले, किंवा मनातले आकडे घाईने पळू लागले, की संच संपला असे समजावे. या दोन्ही गोष्टी बहुधा एकदमच घडतात, कारण थकलेला माणूस आधी मोजण्यात चोरी करतो. दंड जमिनीवर जमत नसतील त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून सुरुवात करावी. घरच्या व्यायामात ओढण्याची हालचाल हमखास राहून जाते आणि दिवसभर संगणकापुढे वाकलेल्या पाठीला तर तिचीच गरज असते. त्यासाठी पाठीच्या सॅकमध्ये चार-पाच किलो पुस्तके भरावीत, कमरेत वाकून पण पाठ सरळ ठेवून ती सॅक पोटाकडे ओढावी आणि सावकाश खाली सोडावी. प्रत्येक हालचालीचे दोन किंवा तीन संच करावेत.

किती दमावे, याबाबत प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा जुना नियम आजही उपयोगी आहे: बलवान माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी. खाडीकाठच्या आपल्या हवेत हे विशेष लागू पडते, कारण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. मे महिन्यात व ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग कमी करावा. पावसाळ्यात इमारतीचा जिना चढावा; उतरताना मात्र लिफ्ट घ्यावी, गुडघे दुखणाऱ्यांनी तर नक्कीच.

लोकलच्या प्रवासात दोन गोष्टी करता येतात. बसायला जागा मिळाली तर नाकाने चार आकडे श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे बाहेर सोडावा. असे पाच मिनिटे करावे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते आणि कार्यालयातली तणतण घरात शिरण्याआधी बरीच ओसरते. मात्र दाराशी उभे असताना हा प्रयोग करू नये, तेथे लक्ष दांडीवरच हवे. दुसरी गोष्ट पाठांतराची. रोज कवितेचे एक कडवे किंवा एखादी ओवी पाठ करावी आणि दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने ती न पाहता आठवून म्हणावी. पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून पाहण्याने स्मरण अधिक पक्के होते. पुस्तकांसाठी ठाण्यात 1893 पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

झोप सात तासांपेक्षा कमी होत असेल तर व्यायाम वाढवू नये. स्नायूंची दुरुस्ती आणि दिवसभरात शिकलेल्याची पक्की नोंद ही दोन्ही कामे झोपेतच होतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी आल्यावर जोरकस व्यायाम टाळावा, जाड पडदे ओढून झोपावे आणि बैठका-दंड उठल्यानंतर करावेत.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवातीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर केवळ चालण्यावर विसंबू नये. टेली-मानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.

एक साधी वही ठेवावी आणि तीत रोज तीनच नोंदी कराव्यात: झोपेचे तास, केलेला व्यायाम आणि संच थांबवण्याचे कारण, म्हणजे अंग थकले की लक्ष सुटले. सलग दोन आठवडे 'अंग थकले' असेच दिसत असेल तर सॅकमध्ये एखादे पुस्तक वाढवावे. 'लक्ष सुटले' हे कारण वारंवार येत असेल तर वजन तेवढेच ठेवून खाली जाण्याचे आकडे तीनवरून पाच करावेत आणि व्यायामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.