टीवरून पटर फेकताय? मग या चुका टाळा

शार्लटला येऊन पाच वर्षं झाली आणि त्यातली चार मी दर शनिवारी झाडीत डिस्क शोधण्यात घालवली असं बायकोचं म्हणणं आहे. खोटं नाही ते. इथे नॉर्थ कॅरोलिनात डिस्क गोल्फचे (चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची, असा गोल्फ) बरेचसे कोर्स म्हणजे पाइनचं जंगल, खाली कोकणासारखी लाल माती (बुटाला लागली की आठवडाभर जात नाही) आणि मधून बोळासारखा फेअरवे, म्हणजे टीपासून (जिथून पहिली फेक मारायची) बास्केटपर्यंतची मोकळी वाट. अशा बोळात २३० फुटांवर बास्केट असली की ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान डिस्क, काढण्यात अर्थ नसतो, लांब जाईल पण कुणाच्या बापाला माहीत कुठे जाईल. तिथे पटर मारायचा, म्हणजे एरवी जवळून बास्केटमध्ये टाकायला (पटिंगला) काढतात ती डिस्क. हळू उडतो, बऱ्यापैकी सरळ जातो, पडला की बसतो, घसरत पुढे पळत नाही. आणि नाव पटर आहे म्हणून फक्त पटिंगलाच वापरायचा असा नियम नाहीये, पीडीजीएची (डिस्क गोल्फचे नियम ठरवणारी संघटना) मान्यता असलेली कुठलीही डिस्क कुठूनही मारा.

पण म्हणून हाताला लागेल तो पटर घेऊन टीवर गेलात तर काय होतं ते सांगतो, कारण सगळं करून बसलोय.

पटिंगचाच पटर टीवरून मारणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मला कळत असून मी ती केली. दोन वर्षांपूर्वी मेव्हणा रॅलेहून आला होता, पाचव्या होलला बास्केटच्या उजवीकडून नाला जातो, समोरून वारा, आणि मी बॅगेतून माझा लाडका मऊ पटर काढला, ज्याच्यावर माझं सगळं पटिंग चालायचं. तो म्हणाला, "दाजी, हा नका मारू, वारा बघा की." मी म्हटलं गप रे, दोनशे फुटांचा तर होल आहे. जोरात मारला, शंभर फूट गेला असेल नसेल, उजवीकडे कलला तो कललाच, परत यायचं नावच नाही, थेट नाल्यात. पेनल्टीचा एक स्ट्रोक गेला तो गेलाच, पण पुढचे तेरा होल मला एका टणक अनोळखी पटरनं पटिंग करावं लागलं आणि तो साखळीवर आपटून बाहेर यायचा. मेव्हणा काही बोलला नाही, नुसता हसत होता, ते जास्त लागलं.

झालं काय होतं ते नंतर कळलं. पटिंगसाठी आपण बेस प्लॅस्टिक घेतो, हाताला चिकटतं, साखळीत बसतं, स्वस्तही असतं. पण ते झाडावर आपटून लवकर झिजतं. रिमची कड चेपते, बारीक पापुद्रे निघतात (अंगठ्याचं नख फिरवून बघा, कपचे उडालेल्या बशीसारखं लागतं) आणि डिस्क हळूहळू अंडरस्टेबल होत जाते, म्हणजे जोरात मारली की उजवीकडे कलते. दहा फुटांवरून पटिंग करताना हे जाणवतच नाही, टीवरून जोर लावला की सगळं बाहेर येतं. म्हणून दोन पटर वेगळे ठेवा. पटिंगचा तुमच्या हाताला आवडेल तो, आणि टीवरचा प्रीमियम प्लॅस्टिकचा, म्हणजे स्टार, चॅम्पियन, ईएसपी, न्यूट्रॉन असल्या नावांचा, जो महिनोन्महिने झाडं खाऊन पण बऱ्यापैकी तसाच उडतो. साचा एकच असला तरी चालेल, उलट बरंच, हाताला सवय राहते.

नंबर बघून फसणं

डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (तिला किती वेग लागतो), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती उजवीकडे कलते), फेड (शेवटी हळू झाली की किती डावीकडे वळते). साधा अव्हिआर (हे एका पटरचं नाव) म्हणजे २, ३, ०, १. आता टर्न शून्य बघून माणूस म्हणतो चला, उजवीकडे जाणारच नाही. (मी उजव्या हाताच्या बॅकहँडचं बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं धरा.) पण ते आकडे त्या डिस्कला साजेशा वेगाला धरून असतात हो. स्पीड २ ची डिस्क तुम्ही ड्रायव्हरच्या ताकदीनं मारली तर ती शून्य-बिन्य काही मानत नाही, कलते. म्हणून टीवरून मारायला मला फेड २ किंवा ३ चा पटर बरा वाटतो. एन्व्ही घ्या, ३, ३, ०, २, जोर सहन करतो आणि शेवटी थोडासाच डावीकडे वळतो. झोन ४, ३, ०, ३ आहे, तो फोरहँडवाल्यांना आणि वाऱ्यात मारणाऱ्यांना जमतो, पण ज्यांचा हात अजून हळू आहे त्यांनी तो सरळ जाईल ही अपेक्षा ठेवू नये, दीडशे फुटांवर डावीकडे जाऊन बसेल. बर्ग १, १, ०, २, ग्लाइडच नाही, तो ॲप्रोचला, म्हणजे बास्केटजवळ आणून टाकायला, भारी पण टीवरून लांब न्यायला हमाली आहे.

आणि आकडे तेच असले तरी दोन डिस्क सारख्या नसतात. प्लॅस्टिक थंड होताना कमीजास्त आकसतं, म्हणून एक पुरीसारखी वरून फुगलेली निघते आणि दुसरी भाकरीसारखी सपाट. फुगलेली सहसा जास्त तरंगते. दुकानात मी डिस्क टेबलावर ठेवतो, डोळे तिच्या पातळीवर आणतो आणि साच्याचे दोन भाग जुळतात ती बारीक रेघ रिमवर किती उंच आहे ते बघतो. रेघ जितकी वर तितकी डिस्क साधारणपणे ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे जास्त वळणारी. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो, बघू दे.

वजन

फार डोकं लावू नका, १७० ते १७५ ग्रॅममधलं घ्या. नियमात एक सेंटिमीटर व्यासाला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतात, पटर साधारण २१ सेंटिमीटरचा, गुणाकार करा, १७४ च्या आसपास येतं, म्हणून दुकानात बहुतेक तेच दिसतात. दीडशे ग्रॅमचा हलका पटर वाऱ्यात पतंग होतो.

डिस्कला शिव्या आधी, हाताकडे नंतर

पटर माफ करत नाही. ड्रायव्हरच्या वेगात लपणारी हाताची खोट इथे उघडी पडते, म्हणून लोक पटर बदलत बसतात, मी तीन बदलले. आधी नीट बघा तो उडतो कसा.

सुटल्या सुटल्या थरथरत असेल, म्हणजे नीट न फिरलेल्या भोवऱ्यासारखा डुगडुगत असेल, तर तो कुठलाही पटर असो, उजवीकडे कलणारच. पटरची रिम जेमतेम एक सेंटिमीटरची, ड्रायव्हरसारखी चारही बोटांची मूठ आवळली की बोटं दाटीवाटीनं बसतात आणि सोडताना अडकतात. पकड थोडी सैल करा, ताकद सत्तर टक्के ठेवा. बीडवाला पटर, म्हणजे रिमच्या खालच्या कडेला ती जाड गोट असते तो, काहींच्या बोटाला टोचतो, मग बिनबीडचा घ्या, त्यात कमीपणा नाही.

पटर वर चढून एकदम डावीकडे पडत असेल तर बहुतेकजण म्हणतात हा फार ओव्हरस्टेबल आहे, आणि जाऊन अंडरस्टेबल आणतात. अहो, त्याचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतं. मनगट आणि डिस्क एका रेषेत ठेवा, अंगठा मधे न ठेवता कडेजवळ दाबा, आणि तोच पटर परत मारा.

खरंच डिस्कचा दोष आहे का ते बघायचं तर रिकाम्या मैदानात जा, वारा नसताना, बाहेरची कड खाली झुकवून, म्हणजे हायझरवर, बेतानं मारा. उठून सरळ गेला तर डिस्क ठीक आहे, तुम्ही उगाच जोर लावत होता. तरीही पूर्ण उलटून उजवीकडे जमिनीवर लोळायला लागला तर झिजलाय.

वाऱ्याचं लोक उलटं समजतात. समोरचा वारा म्हणजे डिस्कला हवा जास्त वेगानं लागते, ती जास्त कलते, म्हणून तिथे फेडवाला पटर. पाठीमागचा वारा असेल तर लवकर खाली बसते आणि लवकर डावीकडे वळते, तिथे जुना, सरळ जाणारा चालतो.

जुना टाकून मात्र देऊ नका, आणि मागच्या बाजूला मार्करनं फोन नंबर लिहा. तो नाल्यात गेलेला पटर, चार महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, पाणी उतरल्यावर कुणालातरी चिखलात सापडला होता. आता तो आणखीनच उजवीकडे जातो. आमच्या कोर्सला अकरावा होल पूर्ण उजवीकडे वळतो, तिथे मी तोच मारतो, आणि मेव्हणा आला की तो माझ्याकडे मागतो.