एनडीए की साधं कॉलेज? आधी जन्मतारीख काढा

मे-जून आला की ठाण्याच्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो. पोरं धावून दमलेली असतात, आणि मागे थांबलेली आई नाहीतर बाप पुढे येऊन म्हणतो, "सुभेदार साहेब, एनडीएसाठी एक वर्ष थांबवू का, की सरळ कॉलेजात घालू?"

थांबवू नका. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्यातले अधिकारी घडवणारी. कॉलेजचा प्रवेश आणि एनडीएची तयारी एकाच जूनमध्ये सुरू करा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत 28 वर्षं काढली. तरी माझ्या थोरल्याला बारावीनंतर मीच घरी बसवलं. वाटलं, एकाच गोष्टीवर लक्ष राहील. लेखी परीक्षा तो पास झाला, एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडायच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतींना गेला, पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आउट झाला, म्हणजे शेवटच्या बैठकीत बाहेर पडला. निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले, त्यात त्याचा नव्हता. आठ नंबर होता त्याचा, त्याच्या आईला अजून पाठ आहे. तो कळव्याला उतरला तेव्हा त्याचे वर्गमित्र एफवायची परीक्षा देऊन मोकळे झाले होते आणि एनसीसीचा पहिला कॅम्पही करून आले होते. पुढे तो कॉलेजातूनच ऑफिसर झाला, पण एक वर्ष उशिरा. पलटणीत सीनिऑरिटी एकेका दिवसाने मोजतात. ते वर्ष माझ्यामुळे गेलं.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी दहावीचं सर्टिफिकेट मागतो. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि ते परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, कोर्स सुरू होतो त्या जानेवारी किंवा जुलैला धरतात. उदाहरण सांगतो. 2024 च्या पहिल्या परीक्षेचा कोर्स जानेवारी 2025 चा होता, त्याला 2 जुलै 2005 ते 1 जुलै 2008 या काळात जन्मलेलेच चालत होते. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते, बारावीत शिकत असतानाही देता येते. बोटांवर मोजा आणि आपल्या मुलाला किती संधी उरल्यात ते कागदावर लिहा. बऱ्याच घरांत हा हिशोब कुणी केलेलाच नसतो. दोन वर्षांच्या क्लासची फी मात्र भरून झालेली असते.

फी भरायच्या आधी आणखी एक काम. जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंग नीट ओळखता येतात का ते तपासा. कान, दात, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना घासतात का, हेही बघून घ्या. काही गोष्टी उपचाराने सुटतात, रंगांधळेपणा सुटत नाही. ऐरोलीचा एक पोरगा दीड वर्ष वैमानिक व्हायची तयारी करत होता. मेडिकलला गेल्यावर कळलं की हिरवा आणि तपकिरी त्याला सारखाच दिसतो. त्याच्या बापाने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

शाखेचं थोडक्यात. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, नेव्ही आणि एअरफोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. पण लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे आहेत, त्यातून आर्ट्सवाल्याचीही सुटका नाही. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. अंदाजपंचे गोळे भरू नका.

आता खरी निवड. खडकवासल्याची तीन वर्षं आणि नंतर आर्मीवाल्यांना डेहराडूनला आयएमएचं (इंडियन मिलिटरी अकादमी) एक वर्ष. जेएनयूची पदवी मिळते, खर्च सरकारचा. रिक्षा चालवून दोन मुलं शिकवणाऱ्या घराला याचा केवढा आधार होतो हे मी पाहिलंय. आयएमएच्या वर्षात महिना 56,100 रुपये स्टायपेंड असतो. बॉण्डवर मात्र पालकांची सही असते. पोराने मनाने सोडलं तर खर्च भरून द्यावा लागतो. ट्रेनिंगमध्ये मोठी दुखापत झाली तर मेडिकल बोर्ड घरीही पाठवतं. सही करायच्या आधी तो कागद नवरा-बायको दोघांनी बसून पूर्ण वाचा.

पण पैशापेक्षा मी एकच बघतो. सतराव्या वर्षी हे पोराला स्वतःला हवंय का? त्यासाठी पालकांना मी एक महिना देतो. सकाळी त्याला उठवायचं नाही, बूट काढून ठेवायचे नाहीत, "आज गेला नाहीस?" असं विचारायचंही नाही. महिन्याभरात वीस दिवस तो आपणहून मैदानावर आला तर एनडीएला जीव तोडून तयारी करा. पाच दिवस आला तर तो वाईट नाही, अजून पिकायचाय. खडकवासल्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत रगडा असतो, आणि आईबापाच्या हौसेखातर गेलेलं पोर तिथे आतून तुटतं. अशा मुलाला कॉलेजची तीन वर्षं द्या. तेवढ्यात त्याला कळतं.

पलटणीत मी दोन्हीकडचे साहेब जवळून पाहिलेत. आमच्याकडे एनडीएचा एक लेफ्टनंट आला, बाविशीतला. पहिल्याच नाइट मार्चला धुकं पडलं, आम्ही जुने जेसीओ (सुभेदार वगैरे) गोंधळलो, त्याने रेनकोटखाली टॉर्च धरून होकायंत्र आणि नकाशा जुळवला आणि बरोबर नाल्यावर नेऊन सोडलं. त्याचे कोर्समेट नेव्हीत आणि एअरफोर्समध्येही होते, एका फोनवर कामं व्हायची. दुसरा ओटीएचा (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी), कॉलेज करून आलेला, पंचविशीचा. आमच्या एका शिपायाची सांगलीकडची जमीन भावकीने दाबली होती. या साहेबाने सातबारा समोर घेतला, फेरफाराच्या नोंदी एकेक करून समजावून घेतल्या आणि सीओ साहेबांच्या सहीने कलेक्टरला पत्र धाडलं. तो शिपाई त्या साहेबासाठी आगीतही उतरला असता. कॉलेजात, लोकलच्या गर्दीत, चार प्रकारच्या माणसांत वावरल्याचा हा फायदा आहे, आणि तो कमी लेखू नका.

कॉलेजचा रस्ता धरलात तर तो नीट धरा, नुसती पदवी काढून भागत नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा: एनसीसी आहे का, कुठल्या विंगची, मुलींच्या जागा किती, निवड कधी. ही निवड एफवायच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच उरकते. ती चुकली तर सी सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीचं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र, लांबतं. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावतात. माझा थोरला याच वाटेने चेन्नईच्या ओटीएत गेला.

शिवाय शेवटच्या वर्षाला असतानाच सीडीएस, म्हणजे पदवीवाल्यांसाठीची यूपीएससीची परीक्षा, देता येते. त्यातून आयएमए मिळालं तर दीड वर्षाचं ट्रेनिंग आणि परमनंट कमिशन. ओटीएत साधारण 49 आठवडे आणि शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात. हा फरक घरात मोकळेपणाने बोला, चाळिशीच्या आत दुसरी नोकरी शोधायची वेळ येऊ शकते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने जेईई मेन दिलेलीच असते, त्याने त्या गुणांवर चालणारी आर्मीची टेक्निकल एंट्री आणि नेव्हीची बीटेक एंट्री सोडू नये.

एसएसबी सगळ्यांना सारखीच पाच दिवसांची. वर्ड असोसिएशनमध्ये, म्हणजे शब्द बघून वाक्य लिहायच्या चाचणीत, साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. पाठ केलेली वाक्यं तिथे लगेच पकडली जातात. वय बसतं तोपर्यंत पुन्हा पुन्हा जाता येतं. एकदा परत पाठवलं म्हणजे मुलात काही कमी आहे असं घरात कुणी बोलू नये. आमच्या घरात बोललं गेलं होतं.

दहावीतच ठरलं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था बघा. राज्य सरकारची आहे, 1977 पासून चालते. मुलींसाठी तशीच नाशिकला सुरू झाली आहे.

मुलींच्या आयांना वेगळं सांगतो. खडकवासल्यात मुली 2022 पासून जातात, आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी पास आउट झाल्या. आमच्या गटात कळव्याची एक पोरगी आहे, बारावी सायन्सची. आई पोळीभाजी केंद्र चालवते, म्हणून ही चारला उठून कणीक मळून देते आणि साडेपाचला उपवनला हजर असते. महिन्याची परीक्षा तिची केव्हाच झाली. सप्टेंबरच्या पेपरचा फॉर्म तिने भरलाय आणि एनसीसी असलेली तीन कॉलेजं लिहून आणलीत. पोहता येत नाही, ते महापालिकेच्या तरण तलावात या सुट्टीत शिकायचंय. रंगांची तपासणी राहिली होती. शनिवारी तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, तिच्या आईला दुकान सोडता येत नाही म्हणून मीच नेतोय.