स्वयंचलित द्रव-हाताळणी यंत्रांची अचूकता एकाच पद्धतीने कशी तपासावी

ठरावीक प्रमाणात द्रव आपोआप शोषून दुसरीकडे सोडणाऱ्या दोन यंत्रांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहायचे असतील, तर चाचणीची पद्धत आधी लेखी ठरवावी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ २३७८३ हे मानक त्यासाठी भक्कम आधार आहे. यंत्र, टिप्स (द्रव शोषून सोडणारी बदलती टोके) आणि शुद्ध पाणी एकाच खोलीत ठेवून सर्वांचे तापमान सारखे होऊ द्यावे. त्यानंतर रोजच्या कामातील टिप आणि वेग वापरून प्रत्येक चॅनेलची (द्रव सोडणाऱ्या प्रत्येक मार्गाची) स्वतंत्र मोजमापे घ्यावीत, कारण आठ चॅनेलची एकत्रित सरासरी काढली की एका चॅनेलची गळती तिच्यात सहज झाकली जाते.

सोडलेल्या पाण्याच्या वजनावरून मायक्रोलिटरमध्ये आकारमान काढताना २० अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मिलिग्रॅममधील आकडा १.००२९ ने गुणावा; त्यात पाण्याची घनता आणि हवेचे उत्प्लावन (हवेच्या उचलीमुळे वजनात दिसणारी घट) दोन्ही धरलेले असतात. अगदी कमी आकारमानात वजन करता करताच पाणी उडून जाते, म्हणून तिथे रंगद्रव्याचे प्रकाश-शोषण मोजणेच मला अधिक विश्वासार्ह वाटते.

अहवालात पद्धतशीर त्रुटी (सरासरी आणि ठरवलेले आकारमान यांतील फरक) आणि मोजमापांतील विखुरणी वेगवेगळी द्यावी, आणि टिपचा प्रकार, द्रव, तापमान व आर्द्रता यांची नोंद कधीही वगळू नये.