गावाच्या आराखड्यासाठी लोकांचं म्हणणं कसं गोळा करावं

ग्रामपंचायत विकास आराखड्याची, म्हणजे गावात वर्षभरात कोणती कामं करायची त्या यादीची, गडबड २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या तोंडावर सुरू होते आणि तिथेच घोळ होतो. ग्रामसभेत बोलतात ते नेहमीचेच दहा जण. म्हणून गावाचं म्हणणं त्याआधी वस्तीवस्तीवर जाऊन घ्यायचं.

आधी वेळापत्रक. गावातली कुटुंबं ऊसतोडीला जात असतील, तर त्यांच्या वस्तीवरची बैठक दसऱ्याच्या आत उरका. दिवाळीनंतर दारांना कुलपं असतात. मजुरीला जाणाऱ्यांसाठी रात्री जेवणं झाल्यावरची वेळ धरा. बैठकीला तीस-चाळीस माणसं पुरेत, त्याहून जास्त झाली की मागचे गप्प बसतात. बैठक सरपंचांच्या अंगणात नको. देऊळही सगळ्यांना सारखंच मोकळं वाटेल असं धरून चालू नका. शाळा किंवा अंगणवाडी बरी.

मग नकाशा. जमिनीवर खडूने रस्ते आणि ओढा, रांगोळीने घरं, दगड ठेवून विहिरी आणि हातपंप. इथे हमखास होणारी चूक म्हणजे खडू शिकलेल्या पोराच्या हाती जातो आणि तो डांबरी रस्त्यापासून सुरुवात करतो. खडू पाणी भरणाऱ्या बाईकडे द्या. बंद पडलेला हातपंप, दिवा नसलेली वाट, पावसात तुंबणारं गटार आपोआप नकाशावर येतं. झाडण्याआधी नकाशाचा वरून फोटो काढा आणि तो कागदावर उतरवून घ्या.

‘काय पाहिजे?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, कमान. ‘मे महिन्यात हंडा भरायला किती वेळ लागतो?’, ‘रात्री दुखणाईत माणूस रस्त्यापर्यंत कसा नेता?’ असं विचारा. वहीत चार रकाने पुरतात: अडचण, नेमकी जागा, किती घरांना, वर्षातले कोणते महिने. लोक बोलले त्याच शब्दांत लिहा. ‘पाणीटंचाई’ लिहिलं की नळ आठवड्यातून एकदाच येतो, हे हरवतं.

प्राधान्य ठरवायला चिंचोके घ्या. प्रत्येक अडचणीपुढे एक वाटी आणि माणशी पाच चिंचोके. वाचता येत नसलं तरी अडत नाही. बायकांच्या आणि पुरुषांच्या वाट्या वेगळ्या मोजा. एकत्र मोजल्या की बायकांचं संडासाच्या पाण्याचं गाऱ्हाणं पुरुषांच्या रस्त्याखाली दबतं.

यादी झाली की तिचे दोन भाग करा. एकात ग्रामपंचायतीच्या हातातली कामं, दुसऱ्यात महावितरण किंवा जिल्हा परिषदेकडे पाठवायची. पैशाची मर्यादाही उघड सांगा. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. हे आधी न सांगता रस्त्यांची आश्वासनं दिली, तर पुढच्या वर्षी बैठकीला कोणी फिरकत नाही.

शेवटी मंजुरी. आधी महिलांची ग्रामसभा, मग सर्वांची. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही आणि मग मोजक्या माणसांत आराखडा मंजूर होऊन जातो. हे टाळायला नोटिशीवर विसंबू नका. दवंडी द्या आणि प्रत्येक वस्तीवरचे दोघे स्वतःची वही घेऊन सभेला येतील एवढं बघा. ठरावात वस्तीचं नाव आणि अडचण दोन्ही लिहून घ्या. मंजूर कामं फलकावर लावा, आणि जी राहिली त्यांच्यापुढे का राहिली तेही.