'सिन्स' वापरताना पंजाबी भाषकांकडून होणाऱ्या चुका : या टाळा

'आय ॲम लिव्हिंग इन लुधियाना सिन्स टू इयर्स.' पंजाबी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत या घडणीचं वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात चुका दोन आहेत, एक 'सिन्स'ची आणि एक क्रियापदाची, आणि दोन्हींचं मूळ एकाच पंजाबी वाक्यात आहे : 'मैं दो साल तों लुधियाणे रहि रिहा हां.' मराठी शिक्षकाला ही चूक पकडणं अवघड जातं, कारण 'मी दोन वर्षांपासून लुधियान्यात राहतोय' ही आपलीही घडण अगदी तशीच आहे. त्यामुळे पंजाबी विद्यार्थ्याला शिकवायला बसण्याआधी स्वतःचं इंग्रजी एकदा तपासून घ्या.

'तों' म्हणजे 'सिन्स' असं पाठ करून घेऊ नका

पंजाबीत 'दिल्ली तों', 'सोमवार तों', 'दो साल तों' आणि 'राम तों वड्डा' या चारही ठिकाणी 'तों' चालतो. इंग्रजीत मात्र त्याचे चार वेगळे शब्द होतात : फ्रॉम, सिन्स, फॉर आणि दॅन. विद्यार्थ्याच्या डोक्यात 'फॉर'ची जोडी 'लई'शी (म्हणजे 'साठी'शी) बसलेली असते. 'दो महीने लई कनेडा जा रिहा हां' याचं तो बरोबर 'फॉर टू मन्थ्स' करतो. पण काळ मागून आजपर्यंत आला की पंजाबीत 'लई' येत नाही, 'तों' येतो. मग 'फॉर' त्याला सुचतच नाही.

शाळेत नियम सांगतात : 'पॉइंट ऑफ टाइम'ला सिन्स, 'पीरियड ऑफ टाइम'ला फॉर. नियम बरोबर आहे, पण बोलताना तो उपयोगी पडत नाही, कारण पॉइंट कोणता आणि पीरियड कोणता हेच चटकन ठरवता येत नाही. काही जण 'आकडा आला की फॉर' अशी पळवाट काढतात. ती 'दो वजे तों'पाशी फसते. आकडा आहे, तरी उत्तर 'सिन्स टू ओक्लॉक' आहे. 'दो घंटे तों' मात्र 'फॉर टू अवर्स'.

यावर खात्रीचा उपाय पंजाबीतच आहे. प्रश्न विचारून पाहायचा. उत्तर 'कदों तों?' (केव्हापासून?) या प्रश्नाचं असेल तर सिन्स. 'किन्ने चिर तों?' (किती काळापासून?) या प्रश्नाचं असेल तर फॉर. 'बचपन तों', '2019 तों', 'विसाखी तों' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'पंज दिनां तों', 'बहुत चिर तों' हे दुसऱ्याचं. उत्तरात 'तों' सारखाच असला तरी प्रश्नात फरक दिसतो. म्हणून 'सिन्स लाँग' आणि 'सिन्स मेनी डेज' हेही बाद होतात. तिथे 'फॉर अ लाँग टाइम', 'फॉर मेनी डेज' म्हणावं.

'लास्ट' या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं. 'सिन्स लास्ट टू इयर्स' चूक, 'फॉर द लास्ट टू इयर्स' बरोबर. पण 'सिन्स लास्ट इयर' आणि 'फॉर द लास्ट इयर' ही दोन्ही बरोबर आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात सुरुवात गेल्या वर्षी कधीतरी झाली. दुसऱ्यात आजपासून मागे मोजलेले बारा महिने आहेत. इथे 'द' गाळला की घोटाळा होतो, आणि पंजाबीत असा शब्दच नसल्यानं तो नेमका गळतो.

क्रियापद सुधारल्याशिवाय वाक्य सुधारत नाही

सिन्सच्या जागी फॉर घातला तरी 'आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' हे चूकच राहतं. पंजाबी (आणि मराठीही) अशा ठिकाणी वर्तमानकाळ वापरते, इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. मात्र 'नो' (know, ओळखणं) यासारख्या स्थितिवाचक क्रियापदांना 'आयएनजी' लावायचा नाही : 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड'. 'हॅव बीन नोइंग' नको.

'सिन्स'नंतर छोटं वाक्य आलं आणि त्यात एकदाच घडून गेलेली गोष्ट असली, तर तिथे साधा भूतकाळ ठेवा : 'सिन्स आय केम हिअर'. 'सिन्स आय हॅव कम' असं नको.

पुढच्या काळासाठी 'सिन्स' नाही

पंजाबीत 'कल्ल' म्हणजे कालही आणि उद्याही. 'परसों'चंही तेच, आपल्या 'परवा'सारखं. 'कल्ल तों छुट्टीआं ने' याचा अर्थ उद्यापासून असेल, तर इंग्रजीत 'फ्रॉम टुमॉरो' म्हणावं. 'सिन्स' मागच्या काळातून निघतो, पुढच्या काळाला तो चालत नाही.

'कदों तों'चं थेट 'सिन्स व्हेन' करणंही टाळा. इंग्रजीत ते बऱ्याचदा आव्हान दिल्यासारखं किंवा अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. साध्या चौकशीसाठी 'हाउ लाँग हॅव यू बीन...' हीच सुरुवात योग्य.

'कारण' या अर्थाच्या 'सिन्स'मध्ये एकच मोठी चूक होते : 'सिन्स इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड होम'. पंजाबीतल्या 'किउंकि... इस लई' या जोडीमुळे 'सो' येतो. तो काढून टाका.

सराव कसा घ्यावा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेचा पहिला भाग 4 ते 5 मिनिटांचा असतो आणि त्यात घर, काम, शिक्षण यांवर प्रश्न येतात. तिथे 'किती काळ' हे वारंवार सांगावं लागतं. व्याकरण हा गुणांच्या चार समान निकषांपैकी एक असल्यानं ही चूक पुन्हा पुन्हा झाली तर महागात पडते.

विद्यार्थ्याकडून आयुष्यातली एक खरी घटना घ्या, समजा 2021 मध्ये जालंधरला येणं. तिच्यावर चार वाक्यं सलग बोलायला लावा. 'आय केम हिअर इन 2021.' 'आय हॅव बीन हिअर सिन्स 2021.' मग आजपर्यंतची वर्षं मोजून 'फॉर'चं वाक्य. चौथं वाक्य 'इट हॅज बीन... सिन्स आय केम हिअर'. हे चौथं पंजाबी माणसाला सर्वांत सोपं जातं, कारण 'मैनूं एथे आए नूं दो साल हो गए' ही त्याची रोजची बोलण्याची पद्धत आहे. अडला तर त्याला आधी हे पंजाबी वाक्य म्हणायला सांगा आणि तिथून इंग्रजीकडे वळवा. पहिल्या वाक्यातलं 'केम' आणि दुसऱ्यातलं 'हॅव बीन' यांची अदलाबदल होत असेल, तर पुढची दोन वाक्यं थांबवून आधी तेवढंच घोटवून घ्या.