चाऱ्याच्या मक्यावरची लष्करी अळी: माझा अनुभव

मका गुडघ्याएवढा झाला आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसायला लागली. पोंगा उकलून पाहिला. अळीच्या डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठळक ठिपके. अमेरिकेतून आलेली, 2018 मध्ये भारतात पोहोचलेली लष्करी अळी हीच.

पहिला विचार जहाल औषधाचा आला. पण हा चारा जनावरांच्या पोटात जाणार, तिथून दुधात. मन धजावलं नाही.

मग रोज सकाळी ओळीओळीने फिरलो. पानावर केसाळ, करड्या लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला की चुरडायचा. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात, त्यामुळे या कामाइतकं फळ दुसऱ्या कशाचं मिळालं नाही. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावले ते या अळीच्या पतंगांची चाहूल लागावी म्हणून. नुसत्या सापळ्यांनी अळी आटोक्यात येत नाही.

लहान अळ्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क, नंतर मेटारायझियम रिलेई बुरशी. फवारणी संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. वरवर फवारलं तर अळीपर्यंत काहीच पोहोचत नाही, ही चूक मी पहिल्यांदा केली होती. हवेत ओल होती म्हणून बुरशी चांगली लागली: अळ्या पानावरच ताठ होऊन पांढऱ्या, मग फिकट हिरव्या पडल्या.

एका कोपऱ्यात अळ्या मोठ्या झाल्या होत्या. तिथला मका वेळेआधीच कापून जनावरांना घातला. कापणीनंतर खोल नांगरट केली, कारण कोष मातीतच असतात.